बंद खोक्यातली नळी

वेंडल हक्स गाडीखालून सरकत बाहेर आला. त्याच्या बोटांना लागलेला खडू ऑरिनने आधी पाहिला. गाडी ऑरिनची होती.

जुन्या गाड्यांच्या सेजब्रश क्लबची ती रीतच होती. क्लबमध्ये नव्याने आलेल्या गाडीला ज्या रविवारी पाटी द्यायची, त्या रविवारी सगळे सभासद एकेक करून पुठ्ठ्यावर उताणे व्हायचे आणि तिच्या पोटाखाली शिरायचे. पाटी ओतीव ॲल्युमिनियमची, मागच्या बंपरखाली टांगायची. एकोणीसशे बावन्न सालानंतर जन्मलेला एखादा नट, एखादी तार, एखादा चाप दिसला की दिसेल त्याने तिथे खडूची फुली मारायची. दिव्याच्या तारेवरच्या फुलीचं हसू व्हायचं आणि विषय तिथेच संपायचा. ब्रेकवर, स्टेअरिंगवर किंवा इंजिनावर पडलेली एक फुली मात्र पाटी वर्षभर लांबवायला पुरेशी असे.

“एकच आहे,” गुडघे झटकत वेंडल म्हणाला. “पण लेका, जागा काय निवडलीस! डाव्या चाकाची ब्रेकची नळी. बोंडावर साल कोरलंय, आणि ते साल तुझ्या लग्नानंतरचं आहे!”

कॅफेच्या अंगणात हशा पिकला. कुणी तरी ओरडलं, “अरे, बायकोने हुंड्यात दिली असेल!” वेंडलची आई उन्हाची टोपी घालून बाकावर बसली होती. ऐंशी उलटलेली ती बाईही हसली, आणि मग ऑरिनचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं.

ऑरिन स्वतः पुठ्ठ्यावर आडवा झाला. गाडीच्या पोटाखालचं जग त्याला आपल्या तळहातासारखं पाठ होतं. चार हिवाळे तो या अंधारात राहिला होता. तिथली प्रत्येक पिन त्याने आपल्या हाताने वाकवली होती, प्रत्येक नट आपल्या पान्याने आवळला होता. लोकांशी बोलताना त्याची जीभ अडखळायची. इथे, लोखंडाखाली, कुणाशी बोलावं लागत नसे, आणि म्हणूनच त्याचं जे काही चांगलं होतं ते या गाडीत उतरलं होतं. आता तिथे एक पांढरी फुली होती, आणि तिच्या मध्यावर, पितळी बोंडाच्या कडेला, अगदी बारीक कोरलेला आकडा. रबरावरची छपाई कुणी तरी पॉलिश पेपरने घासून काढलेली दिसत होती. बोंडावरचा आकडा मात्र घासणाऱ्याकडून राहून गेला होता.

ही नळी त्याने लावलेली नव्हती.

त्याने लावलेली नळी डॉइल स्ट्राउडने दिली होती. एकोणपन्नास सालचं खोकं, कधी न उघडलेलं, मेणकागदात गुंडाळलेला माल. तो कागद सोलताना आलेला वास ऑरिनला अजून आठवत होता: जुन्या दुकानाचा, रबराचा, आपण जन्मण्यापूर्वीच्या एखाद्या सकाळचा. त्या दिवशी डॉइल म्हणाला होता, “बंद खोक्यातला माल म्हणजे झोपलेला माल, पोरा. त्याचं वय वाढत नाही.” क्लबमध्ये हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. जत्रेत, भंगारात, मेलेल्या गॅरेजवाल्यांच्या विधवांकडे माणसं अशी खोकी शोधत फिरायची, आणि एखादं सापडलं की सोनं सापडल्यासारखी कुजबुजायची.

“डॉइल,” ऑरिन गाडीखालून निघून कसाबसा बोलला, “तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यासमोर लावल्या होत्या मी.”

डॉइल क्लबमधला सर्वांत जुना माणूस. निवाडा त्यानेच द्यायचा. तो कॉफीच्या कपात पाहत राहिला. शेजारी त्याची बायको व्हर्ना मानेभोवती जाड कॉलर अडकवून ताठ बसली होती. जर्दाळूच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून ती पडली, हे महिन्याभरापूर्वी सगळ्यांना कळलं होतं.

“नियम म्हणजे नियम,” डॉइल म्हणाला. “पाटी पुढच्या वर्षी.” आणि कप तसाच ठेवून उठला. “व्हर्नाची मान दुखतेय. आम्ही निघतो.”

व्हर्नाने काही तरी बोलायला तोंड उघडलं होतं. डॉइलने तिचा हात धरला आणि दोघं त्यांच्या पिकअपकडे गेली. आज डॉइल आपली प्रसिद्ध काळी गाडी घेऊन आला नव्हता, ही गोष्ट ऑरिनच्या लक्षात त्याच क्षणी आली, पण मनात दुसरंच वादळ उठलं होतं, त्यात ती वाहून गेली.

कारण त्याची नजर येसेनियावर गेली होती.

येसेनिया, त्याची बायको, कागदी बशीत बिस्किटं आणि ग्रेव्ही घेऊन उभी होती. ती दातांच्या डॉक्टरकडे काम करायची. दिवसभर परक्या माणसांच्या उघड्या तोंडात पाहायची आणि म्हणायची, की बाहेरून पांढरा दिसणारा दात सगळ्यात लबाड असतो. गाडी उभी राहत असताना तिने कधी कुरकुर केली नव्हती. फक्त दोन गोष्टी मागितल्या होत्या, त्याही एकदाच: कमरेला पट्टे, आणि ब्रेकच्या तेलाची दोन कप्प्यांची टाकी. “एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात म्हणतोस. मग दोन कप्पे कर ना. दोन तरी राहतील.” तो म्हणाला होता, की त्या काळी तसं नव्हतं. ती म्हणाली होती, “त्या काळी मी पण नव्हते.” त्यानंतर तिने तो विषय काढला नव्हता.

“तू बदललीस?” त्याने विचारलं.

“काय?”

“नळी. मी कामावर असताना. तुझ्या मामेभावाचं गॅरेज आहे.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. आधी तिला वाटलं असावं, तो थट्टा करतोय. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ घातलं होतं. ते तिथेच थिजलं.

“नाही, ऑरिन. मी नाही बदलली.”

“मग कोणी? आपल्या गॅरेजची किल्ली दोघांकडेच असते.”

“मला काय माहीत कोणी!”

आणि मग लाजाळू माणसाच्या तोंडून, वर्षानुवर्षं न बोलल्यामुळे धार चढलेलं, एक वाक्य निघून गेलं. “माझी एकही गोष्ट तुला पुरी होऊ द्यायची नाही.”

अंगणातलं हसणं थांबलं. वाऱ्याने कुणाची तरी रिकामी बशी उडवली आणि ती खडीवरून घरंगळत गेली. येसेनियाने आपली बशी बाकावर ठेवली, हात पुसले आणि ती गाडीत जाऊन बसली. घरी जायला दुसरं वाहन नव्हतं.

तो घरी निघालाच नाही. डॉइलच्या गॅरेजमध्ये फळीवर त्याच खोक्यातल्या आणखी नळ्या होत्या, त्याने पाहिल्या होत्या. त्या आणाव्या, आजच बसवाव्या, दुपारी परत येऊन सगळ्यांना पुन्हा गाडीखाली झोपवावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. चार वर्षांच्या कामावर कुणी तरी काळं फासलं होतं, ते त्याला आजच्या आज धुऊन काढायचं होतं.

कॅलिफोर्नियातल्या लिओना व्हॅलीच्या चेरीच्या बागा मागे पडल्या. रस्ता उघड्या वाळवंटाकडे वळला आणि तिथला तो कायमचा वारा अंगावर आला. गाडीला छप्पर नव्हतं. काच हातभर उंच. इंजिनाची धग लाकडी तळातून पावलांना भाजत होती, आणि त्याच वेळी कानांना गार वारा कापत होता. जुन्या घडणीचे टायर रस्त्यावरची प्रत्येक चीर हुंगत चालायचे; स्टेअरिंग क्षणभर सैल सोडलं की गाडी आपल्या मनाने एका बाजूला जायची, आणि तिला परत आणताना दंड भरून यायचे. दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात उतरताना पायाने आणि कानाने अंदाज घ्यावा लागे, नाहीतर दात खरडल्याचा आवाज येई. हे सगळे त्रास ऑरिनला प्रिय होते. आरामाच्या गाडीत माणूस सामानासारखा असतो, असं त्याला वाटे. इथे तो गाडीचा एक भाग होता. या सुखासाठी काय काय द्यावं लागतं याचा हिशोब त्याने कधी मांडला नव्हता, आणि त्यातलं अर्धं शेजारी बसलेलं माणूस देतं, हेही त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

शेजारचं माणूस रुमाल डोक्याला घट्ट बांधून समोर पाहत होतं. एका वळणावर त्याने ब्रेक दाबला, तेव्हा तिचा हात सवयीने काचेच्या चौकटीवर गेला. हा हात तो महिनोन् महिने पाहत आला होता. आज तो त्याला दिसला.

डॉइलच्या घरी पोचल्यावर येसेनिया उतरून सरळ व्हरांड्यात व्हर्नाकडे गेली. ऑरिन गॅरेजमध्ये शिरला.

डॉइल रिकाम्या हातांनी कामाच्या बाकासमोर उभा होता. मागे त्याची काळी गाडी, चादरीखाली.

“नळ्या हव्यात,” ऑरिन म्हणाला. “खोक्यातल्या. एक जोडी.”

“संपल्या.”

“संपल्या? तुमच्या मागे खोकं आहे, डॉइल. मला दिसतंय.”

डॉइलने मागे वळून पाहिलं नाही. “ते दुसऱ्या कामाचं आहे.”

“मी आत्ता बसवतो आणि परत जातो. वेंडलला दाखवतो. येसीने काय केलं ते…”

“येसीने?” म्हाताऱ्याचा आवाज एकदम चढला. “तिचा काय संबंध?”

“तिनेच बदलली. दुसरं कोण बदलणार? तिला पहिल्यापासून—”

“गप्प बस,” डॉइल म्हणाला. “जरा गप्प बस, पोरा.”

त्याने खोकं ओढलं. त्यातली एक नळी काढली, मेणकागद सोलला. काळीभोर, तुळतुळीत, बोंडं लखलखणारी; कारखान्यातून सकाळीच निघाल्यासारखी. ती त्याने बाकाच्या कडेवर ठेवली आणि दोन्ही टोकांना धरून खाली दाबली, पापडाचा तुकडा पाडावा तसा.

कड् असा आवाज झाला. नळी वाकलीच नाही. मधोमध तडकली, आणि तडकलेल्या तोंडातून काळी भुकटी बाकावर सांडली.

ऑरिनने हात पुढे केला, पण नळीला लावला नाही. त्याला वाटलं, आपण काही तरी पाहिलं ते नीट पाहिलं नाही. डॉइलने दुसरी नळी काढून तीही मोडली. तोच आवाज. तीच भुकटी.

“अशी… अशी नळी माझ्या गाडीला होती?”

“होती. मी काढली.”

“तुम्ही?”

“तुम्ही दोघं तिच्या आईकडे गेला होतात तेव्हा. इंजिन उचलायची कप्पी न्यायला तू मला किल्ली दिली होतीस, ती परत मागितलीच नाहीस. दोन्ही नळ्या काढल्या, नव्या घातल्या. छापलेलं सगळं घासलं. उजव्या बोंडावरचा आकडाही घासला, डाव्यावरचा दिसला नाही मला. डोळे गेलेत आता.”

ऑरिन बाकाला टेकला. सकाळपासून ज्या एका प्रश्नाने त्याचं डोकं फुटायची वेळ आली होती त्याचं उत्तर समोर उभं होतं, आणि ते त्याला समजत नव्हतं. शब्द कळत होते; ते एकमेकांना जोडले जात नव्हते.

“पण निवाडा तुम्ही दिलात. ‘नियम म्हणजे नियम.’ तुम्ही.”

डॉइल मागे वळला. त्याने काळ्या गाडीवरची चादर ओढली. पुढचं डावं मडगार्ड चेपलेलं होतं, ठोकून ठोकून अर्धवट सरळ केलेलं. पत्र्यावर हातोडीचे खळगे देवीच्या व्रणांसारखे उमटले होते. रेडिएटरची जाळी गायब होती.

“बूके कॅन्यनच्या उतारावर,” तो म्हणाला. “पेडल दाबलं, ते जमिनीला टेकलं. पाय तिथेच. काही नाही. रिकामं. आयुष्यभर मी ते ऐकत होतो, सांगत होतो, पण पायाखालून पेडल जातं म्हणजे काय ते… मी गाडी डोंगराच्या अंगाला घासली. दुसरीकडे दरी होती.”

“आणि व्हर्ना?”

“शेजारीच होती.”

शिडी नव्हतीच. ऑरिनला बाकावर ताठ बसलेली व्हर्ना आठवली, तिचं उघडलेलं तोंड, आणि तिच्या हातावरचा डॉइलचा हात. 

“तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत.”

“काय सांगू? चाळीस वर्षं मी या लोकांना सांगत आलो, बंद खोक्यातला माल झोपलेला असतो. झोपलेला! अरे, तो मेलेला असतो. आतून कुजतो, बाहेरून नवरीसारखा दिसतो. कुणाला तोंड दाखवणार होतो मी? म्हटलं, गुपचूप बदलून टाकू. कुणाचं काही बिघडणार नाही.”

“माझं बिघडलं,” ऑरिन म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. “मी तिला सगळ्यांसमोर…”  मग त्याला दुसरंच काही सुचलं. “या खोक्यातल्या आणखी कुणाला दिल्या?”

डॉइलने खाली पाहिलं.

“डॉइल. कुणाला?”

“वेंडलला. त्याच्याच गाडीच्या राहिल्यात. मी बदलणार होतो रे. तो लांब राहतो, गॅरेजला कुलूप असतं. मागच्या आठवड्यात तो घरी असताना जाऊन पाहिल्या मी, चांगल्या दिसल्या.”

“माझ्याही चांगल्याच दिसत होत्या!”

“तो म्हणाला होता, आईला घेऊन दुपारी सॉगसला…”

सॉगसला जायचा रस्ता बूके कॅन्यनमधून जात होता. ऑरिनने खिशातून फोन काढला.  घाटात शिरला असेल तर फोन लागणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

फोन लागला.

“बोल, फुलीवाल्या!” वेंडलचा आवाज वाऱ्यात फडफडत आला.

“कुठे आहेस तू?”

“माथ्यावर. नळापाशी. म्हातारीला घाम फुटलाय, म्हणजे गाडीला. आईला नाही, आई मजेत आहे. रेडिएटरचं पाणी उकळून वर आलंय. पाणी घालतोय, गार झालं की सुटतो खाली.”

जुन्या इंजिनाच्या या खोडीला क्लबमधल्या प्रत्येकाने शिव्या दिल्या होत्या. चढ आला की ते तापायचं, आणि माणसाला अर्धा अर्धा तास उन्हात उभं करायचं. ऑरिनने डोळे मिटले.

“वेंडल, खाली उतरू नकोस. तुझ्या ब्रेकच्या नळ्या फुटतील. डॉइलने दिलेल्या. त्या कुजलेल्या आहेत.”

पलीकडून खो-खो हसू आलं. “अगं आई, ऐकलंस का? पोराने सूड घ्यायला फोन केलाय! अरे, एका फुलीचा इतका राग? बंद खोक्यातल्या आहेत त्या. डॉइलच्या हातच्या.”

“वेंडल, खरंच सांगतोय. मी पाहिलं आत्ता. हाताने मोडतात त्या.”

“हो का? आणि माझं स्टेअरिंग बिस्किटाचं आहे, ठाऊक आहे? जा, घरी जा, बायकोची समजूत काढ. सकाळी फार वाईट बोललास तिला, आईसुद्धा म्हणत होती. चल, ठेवतो. गार झाली वाटतं.”

ऑरिन जन्मात कधी कुणावर ओरडला नव्हता. “ठेवू नकोस!” तो ओरडला, आणि पत्र्याच्या भिंती दणाणल्या. “फोन ठेवू नकोस. डॉइलशी बोल.”

त्याने फोन पुढे धरला.

डॉइलने तो घेतला नाही. तो त्या फोनकडे असा पाहत राहिला, की जणू त्याच्या काळात ती वस्तू अजून घडवली गेली नव्हती.  फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि वेंडल शीळ घालत होता. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही तरी कोसळताना ऑरिनने पाहिलं. त्याला दया आली नाही, आणि दया न आल्याचा धक्का त्याला पुढे कितीतरी दिवस पुरला.

“डॉइल,” तो हळू म्हणाला. “त्याची आई आहे गाडीत.”

डॉइलने फोन घेतला.

“वेंडल. मी बोलतोय. इंजिन बंद कर. आईला उतरव. आधी उतरव. पोरगं खरं सांगतंय. माझी नळी फुटली, त्याच उतारावर. व्हर्ना शिडीवरून पडली नाही. मी खोटं बोललो. त्याच्या गाडीची नळीसुद्धा मीच बदलली, आणि फुली पडली तेव्हा तोंड बंद ठेवलं. आता आईला उतरव आणि पेडल दाब. जोरात. दोन्ही पायांनी दाब.”

शीळ थांबली होती. फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला, म्हातारीचं “काय झालं रे?” आलं, खडीवर पावलं वाजली. मग वेंडल परत सीटवर बसला असावा, स्प्रिंग कुरकुरली. एकदा. पुन्हा एकदा.

मग ओल्या चिंधीचा फटका बसावा तसा एक आवाज आला.

 वारा तेवढा वाहत होता, तिकडेही आणि इकडेही. मग वेंडलचा आवाज आला. त्यात सकाळचा वेंडल कुठेच नव्हता.

“गेलं,” तो म्हणाला. “पेडल गेलं, डॉइल. सगळं तेल चाकाखाली… अरे देवा. मी निघणार होतो. मी किल्ली फिरवणारच होतो.”

“आम्ही येतो,” डॉइल म्हणाला. “ट्रेलर घेऊन येतो. गाडीला हात लावू नकोस.” फोन परत देताना त्याची बोटं ऑरिनच्या बोटांना लागली. ती बर्फासारखी होती.

गॅरेजच्या दारात येसेनिया उभी होती. केव्हापासून, ते ऑरिनला कळलं नाही. तिच्या मागे व्हर्ना, कॉलरमुळे मान न वळवता, अख्खं शरीर वळवून नवऱ्याकडे पाहत होती.

“मी तिला सांगितलं,” व्हर्ना म्हणाली. “गाडीतून उतरताना पोरीचे डोळे पाहिले आणि सांगून टाकलं. मला नाही जमत आता, डॉइल. ही कॉलर घालता येते मला, ते शिडीचं खोटं नाही.”

डॉइल मान खाली घालून पिकअपच्या किल्ल्या शोधू लागला. त्या खिळ्यावरच होत्या. त्याला सापडत नव्हत्या.

ऑरिन येसेनियासमोर जाऊन उभा राहिला. बाकावर मोडलेल्या नळ्या पडल्या होत्या आणि तिची नजर त्यांच्यावर होती.

“येसी.”

“मनात आलं होतं माझ्या,” ती म्हणाली. त्याच्याशी की स्वतःशी, कळत नव्हतं. “खरं सांगते. एकदा नाही, कितीतरी वेळा. मामेभावाला फोनही लावला होता. मग म्हटलं, नको. त्याची गाडी आहे, त्याचा जीव आहे तिच्यात, त्याला न सांगता हात लावायचा नाही. आणि मी त्या नळ्यांच्या भरवशावर तुझ्याबरोबर फिरले. मोहावेला गेलो आपण. आईकडे निघायच्या आधीच्या रविवारी त्याच उतारावरून खाली आलो.” तिने पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिथे नुसता धसका होता. “मी गप्प बसले, आणि ते तुला शहाणपण वाटलं. आणि मी काही तरी केलं असं वाटलं, तेव्हा तुला ते पाप वाटलं. मला हेच कळत नाहीये, ऑरिन. मी काय करायला हवं होतं?”

 सकाळी त्याची गाडी डागाळली म्हणून तो कोलमडला होता. त्या डागाने दोघांना जिवंत ठेवलं होतं, आणि त्याच्या हातचं निष्कलंक काम दोघांना घेऊन दरीच्या काठाने फिरत होतं. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी त्याने मेणकागद सोलला होता, प्रेमाने.

“वेंडलची आई उन्हात उभी आहे,” व्हर्ना म्हणाली.

येसेनिया भानावर आली. तिने डॉइलकडे पाहिलं, मग ऑरिनच्या हातांकडे. डॉइल अजून खिसे चाचपत होता. तिने खिळ्यावरची किल्ली काढली.

“ट्रेलर जोडा,” ती म्हणाली. “मी चालवते. घोड्यांचा ट्रेलर ओढत मोठी झालेय मी.”

कुणी वाद घातला नाही. दोघांनी ट्रेलर जोडला. साखळी अडकवताना डॉइलच्या हातून ती दोनदा निसटली, तेव्हा ऑरिनने ती घेतली. व्हर्नाने खिडकीतून पाण्याचं कॅन आत सरकवलं आणि म्हातारीसाठी आपली छत्री. डॉइल मधे बसला, ऑरिन दाराकडे. ऑरिनची गाडी अंगणात उभी राहिली, उन्हात चमकत, आणि आज पहिल्यांदाच निघताना त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं नाही.

“पट्टे,” येसेनिया म्हणाली.

तीन चापांचा आवाज झाला. पिकअप रस्त्याला लागला. आत धग नव्हती, वारा नव्हता, गाडी सरळ चालली होती; कुणाला काही करावं लागत नव्हतं, आणि म्हणून बोलणं टाळायला काही कारणच उरलं नव्हतं. वाळवंटातली वेडीवाकडी झाडं एकामागून एक मागे जात होती. डॉइलचे ओठ हलत होते. तो बहुधा क्लबसमोर काय सांगायचं ते जुळवत होता.

ऑरिनला आपलं एकच वाक्य जुळवायचं होतं. ते त्याला घाटाच्या पायथ्यापर्यंत सापडलं नाही. चढ सुरू झाला तेव्हा डॉइलच्या खांद्यावरून तो वाकला.

“येसी, मी सकाळी जे बोललो—”

“आत्ता नको,” रस्त्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. “आत्ता मी गाडी चालवतेय.”